कंपन्यांच्या घोटाळ्यांवरील माहितीपट कसे पाहावेत : नव्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शन

मोठ्या कंपन्यांच्या आर्थिक फसवणुकीवरील माहितीपट आता घरबसल्या पाहता येतात. पहिल्यांदाच पाहणाऱ्याचा अनुभव मात्र बहुधा असा असतो की दोन तास संताप होतो, एखाद्या उद्दाम अधिकाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, आणि पैसा नेमका कोणत्या वाटेने गेला असे दुसऱ्या दिवशी कुणी विचारले तर सांगता येत नाही. हा लेख अशा प्रेक्षकासाठी आहे. त्याने वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेले असण्याची गरज नाही. एक वही, थोडी चिकाटी आणि नजर कुठे ठेवायची याची कल्पना एवढे असले की पुरते.

नजर कुठे ठेवायची ते आधीच सांगायला हवे. या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात कुठेतरी एक कागद असतो. तो ताळेबंद असेल, बँकेचे प्रमाणपत्र असेल, रोख्यांची पावती असेल किंवा चाचणीचा अहवाल असेल. तो खरा आहे की नाही हे मूळ ठिकाणी जाऊन पाहण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्याने ते न पाहताच त्यावर सही केलेली असते किंवा मान डोलावलेली असते. लबाडी करणारा माणूस पडद्यावर ठळक दिसतो, पण ही सही आपल्याला शोधावी लागते, आणि ती सापडेपर्यंत घोटाळा समजला असे मानू नये.

नागपूरकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ च्या सुमारास खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी सुमारे दीडशे कोटी रुपये मोजले. रोखे बँकेच्या हाती आले नाहीत आणि पैसेही परतले नाहीत. २००२ मध्ये प्रकरण उघडकीस आले, आणि खालच्या न्यायालयाचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्यात बँकेच्या माजी अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, आणि त्याविरुद्ध अपीलही झाले. काटोल, सावनेर, उमरेडकडच्या ज्या शेतकऱ्यांच्या ठेवी आणि पीककर्जे या बँकेशी बांधलेली होती, त्यांनी यातला एकही कागद कधी पाहिला नव्हता. ह्यूस्टन, न्यूयॉर्क किंवा म्युनिकमधल्या कंपनीची गोष्ट पाहताना हे प्रकरण मनात असू द्यावे. रोखे हाती पडण्याआधी पैसे कुणी सोडले, हाच प्रश्न तिकडेही वेगवेगळ्या रूपांत समोर येतो.

पहिली पायरी : सुरुवात एन्रॉनपासून करावी

नव्या प्रेक्षकाने पहिला चित्रपट म्हणून अॅलेक्स गिब्नी यांचा ‘एन्रॉन : द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम’ (२००५) घ्यावा, असा माझा ठाम सल्ला आहे. तो बेथनी मॅक्लीन आणि पीटर एल्काइंड या दोन पत्रकारांच्या पुस्तकावर आधारलेला आहे, त्याची मांडणी स्पष्ट आहे, आणि एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी महाराष्ट्राला परकी नाही. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प याच एन्रॉनचा. राज्य विद्युत मंडळाशी त्याचा करार १९९३ मध्ये झाला, ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि दराच्या व थकबाकीच्या वादात २००१ मध्ये तो बंद पडला. कोराडी आणि खापरखेड्याच्या धुराड्यांच्या सावलीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी विजेच्या दरावरची ती भांडणे वर्तमानपत्रांत रोज वाचलेली आहेत. चित्रपटात दाभोळचा भाग थोडक्यात आटोपतो, परंतु तो थांबवून दोनदा पाहावा : भारतातल्या प्रकल्पातून कधीच न मिळालेल्या नफ्याच्या अंदाजावर अधिकाऱ्यांना लक्षावधी डॉलरचे बोनस दिले गेले, हे तिथे सांगितले आहे.

चित्रपट लावण्यापूर्वी अर्धा तास दोन गोष्टी समजून घेण्यात घालवावा. त्या कळल्या नाहीत तर मधला पाऊण तास अंधारात जातो. पहिली गोष्ट म्हणजे बाजारमूल्यानुसार हिशेब ठेवण्याची पद्धत. दीर्घ मुदतीचा करार झाला की त्यातून पुढच्या अनेक वर्षांत मिळू शकणाऱ्या नफ्याचा अंदाज बांधून तो आजच उत्पन्नात दाखवण्याची मुभा एन्रॉनला १९९२ पासून मिळाली होती. संत्र्याची कलमे लावली त्याच दिवशी पुढच्या वीस वर्षांच्या मृग आणि आंबिया बहाराची कमाई वहीत जमा करावी, तसा हा प्रकार होता. २००० साली एन्रॉनने ब्लॉकबस्टर या व्हिडिओ कंपनीशी इंटरनेटवरून चित्रपट पुरवण्याचा वीस वर्षांचा करार केला आणि त्यावर ११ कोटी डॉलरहून अधिक नफा दाखवला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये करार मोडला. सेवा धड उभी राहिली नव्हती, मात्र नफा हिशेबात आधीच आला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजूच्या कंपन्या. एन्रॉनचे मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फॅस्टो यांनी अशा भागीदारी संस्था काढल्या, ज्यांच्याकडे एन्रॉनचे कर्ज आणि तोट्यातली मालमत्ता वळवता येत असे, म्हणजे मूळ कंपनीचा ताळेबंद स्वच्छ दिसे. यांपैकी काही संस्था फॅस्टो स्वतः चालवत होते आणि त्यातून स्वतः पैसे मिळवत होते. कंपनीच्या आचारसंहितेत हे बसत नव्हते. इथे आपली सही सापडते : १९९९ मध्ये संचालक मंडळाने ठराव करून फॅस्टो यांच्यापुरती ती आचारसंहिता बाजूला ठेवली. चित्रपटातले एन्रॉनच्या वीज-व्यापाऱ्यांचे ध्वनिमुद्रित संवाद, ज्यात कॅलिफोर्नियातील वीजटंचाईवर ते खिदळताना ऐकू येतात, ते फार बोलके आहेत आणि सर्वांच्या लक्षात राहतात. मला मात्र हा ठराव अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रतिष्ठित, शिकलेली, स्वतंत्र म्हणवली जाणारी माणसे एका टेबलाभोवती बसली होती, कागद त्यांच्यासमोर होता, आणि त्यांनी होकार दिला.

चित्रपट पहिल्यांदा न थांबवता पाहावा. दुसऱ्यांदा, शक्यतो त्याच आठवड्यात, वही घेऊन बसावे. इंग्रजी कानाला सरावलेले असले तरी सबटायटल चालू ठेवावीत, कारण आकडे आणि नावे ऐकण्यात हमखास निसटतात. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या घरघरीपुढे संवाद ऐकू येण्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

दुसरी पायरी : वहीत काय लिहावे

पानावर चार रकाने आखावेत : तारीख, कागद, सही करणारा, आणि खातरजमा कुणी करायची होती. वर सांगितलेल्या प्रसंगाची नोंद अशी होईल : १९९९ – आचारसंहितेतून सूट देणारा ठराव – संचालक मंडळ – लेखापरीक्षक आर्थर अँडरसन आणि मंडळाचीच लेखा समिती. चौथा रकाना भरताना सर्वाधिक विचार करावा लागतो, आणि तो कधीकधी चित्रपटातून भरताच येत नाही. तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे. नंतर काय वाचायचे, हे त्या प्रश्नचिन्हांवरून ठरते.

हीच वही पुढच्या चित्रपटांना लावून पाहिली की त्यांची मांडणी आपोआप उलगडते. ‘डर्टी मनी’ या मालिकेच्या २०१८ च्या पहिल्या पर्वात फोक्सवॅगनवरचा भाग आहे. या कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणक प्रणाली गाडी प्रयोगशाळेत तपासली जात आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करत असे. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही व्यवस्था होती. तपासणीचा कागद खोटा नव्हता, तरी तो रस्त्यावरच्या गाडीबद्दल काहीच सांगत नव्हता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका लहान गटाने, ज्यात भारतीय विद्यार्थीही होते, मोजमापाची यंत्रे गाडीतच बसवली, ती रस्त्यावर चालवली आणि आकडे घेतले. खातरजमा म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

‘डाउनफॉल : द केस अगेन्स्ट बोइंग’ (२०२२) हा रॉरी केनेडी यांचा दीड तासाचा माहितीपट नागपुरात विशेष लक्षपूर्वक पाहिला जावा असे वाटते, कारण मिहानमध्ये बोइंगनेच उभारलेले विमान-दुरुस्ती केंद्र आहे आणि तिथे या शहरातली मुले कामाला आहेत. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन ७३७ मॅक्स विमानांच्या अपघातांत ३४६ माणसे गेली. पहिल्या विमानाचा कप्तान दिल्लीचा तरुण होता. विमानाचे नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या एमकॅस प्रणालीचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तिकेतच नव्हता, आणि प्रमाणीकरणाचे बरेचसे काम नियामकाने कंपनीच्याच कर्मचाऱ्यांवर सोपवले होते. हा घोटाळा पैशांच्या अफरातफरीचा नाही, तरीही वहीचा तिसरा आणि चौथा रकाना इथे एकच होऊन जातो, आणि ते पानावर लिहून पाहिल्यावर मन सुन्न होते.

तिसरी पायरी : मुलाखत ऐकण्याची सवय

दुसरा मोठा चित्रपट म्हणून चार्ल्स फर्ग्युसन यांचा ‘इनसाइड जॉब’ (२०१०) घ्यावा. २००८ च्या आर्थिक अरिष्टावरच्या या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. तो अवघड आहे, कारण गृहकर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे कसे विकले गेले आणि मानांकन संस्थांनी त्यांना सर्वोच्च दर्जा कसा दिला, हे झपाट्याने सांगितले जाते. ते पहिल्या वेळी पूर्ण कळले नाही तरी हरकत नाही. रघुराम राजन यांनी २००५ मध्ये मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांसमोर दिलेला इशारा आणि त्यावर झालेली टीका हा भाग आपल्याला जवळचा वाटेल.

या चित्रपटाची खरी शिकवण आहे ती मुलाखतींत. फ्रेडरिक मिश्किन या नामांकित अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये आइसलँडच्या अर्थव्यवस्थेवर अनुकूल अहवाल लिहिला होता आणि त्यासाठी तिथल्या वाणिज्य मंडळाकडून त्यांना १ लाख २४ हजार डॉलर मिळाले होते. २००८ मध्ये त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. फर्ग्युसन त्यांना विचारतात की अहवाल ‘आइसलँडमधील आर्थिक स्थैर्य’ या नावाचा होता, मग तुमच्या जीवनवृत्तात तो ‘आर्थिक अस्थैर्य’ असा का दिसतो? मिश्किन गडबडतात आणि छपाईची चूक असेल असे म्हणतात. हा प्रसंग थांबवून पाहावा. प्रश्नकर्ता आवाज चढवत नाही, आरोप करत नाही. त्याच्याजवळ दोन कागद आहेत आणि ते तो शेजारी शेजारी ठेवतो. मुलाखत ऐकताना कोण घाबरला यापेक्षा प्रश्न कोणत्या कागदावरून आला, हे टिपण्याची सवय इथून लागते.

मुलाखतीस नकार देणाऱ्यांची नावेही पडद्यावर येतात. ती टिपून ठेवावीत, पण नकार म्हणजे कबुली असे धरू नये. वकिलाने गप्प राहण्याचा सल्ला दिलेला असू शकतो, खटला चालू असू शकतो. दिग्दर्शक अशा ठिकाणी शांततेचा आणि संगीताचा जो वापर करतो, त्याने आपले मत नकळत बनते.

चौथी पायरी : सांगणारा कोण, हेही तपासावे

माहितीपटाचेही बांधकाम असते. मायकेल मूर यांच्या ‘रॉजर अँड मी’ (१९८९) या जनरल मोटर्सवरील गाजलेल्या चित्रपटात घटनांचा क्रम बदलल्याची टीका तेव्हाच झाली होती. म्हणून वहीतल्या तारखा पडद्यावरच्या क्रमाने न ठेवता चित्रपट संपल्यावर कालक्रमाने पुन्हा लावाव्यात. एखादा प्रसंग फारच परिणामकारक वाटला तर तो आवाज बंद करून, फक्त अक्षरे वाचून पाहावा. संगीत काढल्यावर पुरावा किती उरतो, हे दोन मिनिटांत समजते.

सांगणाऱ्याचा आर्थिक संबंध असेल तर अधिक सावध राहावे. टेड ब्राउन यांचा ‘बेटिंग ऑन झिरो’ (२०१६) हर्बालाइफ या साखळी विक्री कंपनीवर आहे आणि त्यातील प्रमुख पात्र बिल अॅकमन यांनी या कंपनीचा शेअर पडेल यावर १ अब्ज डॉलर लावले होते. कंपनी बुडाली तर त्यांना फायदा होता. म्हणून त्यांचे म्हणणे खोटे ठरते असे नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ मध्ये या कंपनीला २० कोटी डॉलर भरायला आणि व्यवसायाची पद्धत बदलायला लावले. मात्र तीच कंपनी पुढेही टिकली आणि अॅकमन २०१८ मध्ये तोटा सोसून त्यातून बाहेर पडले. हॉटेलच्या सभागृहात ‘व्यवसायाची संधी’ समजावून सांगणाऱ्या बैठकांची निमंत्रणे नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांना नवी नाहीत. त्या घरांतल्या तरुणांनी हा चित्रपट जरूर पाहावा.

नाट्यरूपांतर आणि माहितीपट यांतला फरकही इथेच सांगून टाकतो. हर्षद मेहता प्रकरणावरची २०२० ची ‘स्कॅम १९९२’ ही मालिका अनेकांनी पाहिली आहे. ती अभिनेत्यांची, लिहिलेल्या संवादांची मालिका आहे. तिच्यामुळे विषयाची गोडी लागली असेल तर उत्तम, पण वहीत नोंदी करण्यासाठी ती वापरू नये.

पाचवी पायरी : चित्रपट संपल्यावर

चित्रपट ज्या वर्षी संपतो, प्रकरण त्या वर्षी संपत नाही. एन्रॉनवरचा माहितीपट एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. पुढच्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आर्थर अँडरसनला दोषी ठरवणारा निकाल एकमताने रद्द केला, मात्र तोवर ती संस्था जवळपास संपली होती. एन्रॉनचे अध्यक्ष केनेथ ले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी राहिलेले जेफ्री स्किलिंग यांना मे २००६ मध्ये दोषी ठरवण्यात आले. ले शिक्षा होण्यापूर्वीच जुलैमध्ये वारले, स्किलिंग यांना २४ वर्षांहून अधिक शिक्षा झाली आणि २०१३ मध्ये ती १४ वर्षांवर आली. चित्रपट पाहून झाल्यावर प्रत्येक नावापुढे आजची स्थिती लिहावी : आरोपी, दोषी, निर्दोष, की अपील प्रलंबित.

त्यानंतर एक तरी मूळ दस्तऐवज उघडावा. एन्रॉनच्या चौकशी समितीचा पॉवर्स अहवाल (२००२) आणि २००८ च्या अरिष्टावरील अमेरिकी चौकशी आयोगाचा अहवाल (२०११) इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. सगळे वाचायची गरज नाही. वहीतल्या एका प्रश्नचिन्हाचे उत्तर शोधायचे, एवढाच हेतू ठेवला तर वीस-पंचवीस पानांत काम होते.

भारतीय प्रकरणांकडे या टप्प्यावर वळावे. ‘बॅड बॉय बिलियनेअर्स : इंडिया’ ही मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये आली तेव्हा विजय मल्ल्या, नीरव मोदी आणि सुब्रत रॉय यांच्यावरचे भाग दाखवले गेले; सत्यम या संगणक कंपनीच्या रामलिंग राजू यांच्यावरचा भाग हैदराबादच्या न्यायालयाच्या मनाईमुळे तेव्हा थांबला. पण सत्यम समजून घ्यायला चित्रपटाची वाट पाहायचे कारण नाही. ७ जानेवारी २००९ चे राजू यांचे संचालक मंडळाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. सेबीने २०१४ मध्ये दिलेला आदेश तिच्या संकेतस्थळावर आहे. बँकेतल्या ठेवींचे कागद कंपनीतच बनत होते आणि लेखापरीक्षण वर्षानुवर्षे पार पडत होते.

आता याच्या शेजारी ‘स्कँडल! ब्रिंगिंग डाउन वायरकार्ड’ (२०२२) ठेवून पाहावा. जर्मनीतल्या या कंपनीचे १.९ अब्ज युरो फिलिपाइन्समधील दोन बँकांत असल्याचे सांगितले जात होते. २०२० च्या जूनमध्ये त्या बँकांनीच कागदपत्रे बनावट असल्याचे कळवले. त्याआधी वर्षभर जर्मन नियामकाने कंपनीऐवजी तिच्यावर लिहिणाऱ्या फायनान्शियल टाइम्सच्या पत्रकारांविरुद्धच तक्रार केली होती. सत्यम उघड होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती, आणि चौथ्या रकान्यातली नोंद दोन्हीकडे जवळजवळ शब्दशः तीच निघते.

एकत्र पाहायचे असेल तर

हे चित्रपट चार-सहा जणांत पाहिले तर अधिक कळतात, विशेषतः त्यांत एखादा निवृत्त बँक कर्मचारी आणि सीएची आर्टिकलशिप करणारा एखादा विद्यार्थी असेल तर. धंतोली-धरमपेठ भागात असे विद्यार्थी सहज भेटतात आणि त्यांना आवडीने बोलते करता येते. निवृत्त माणूस काउंटरवर प्रत्यक्ष काय चालते ते सांगतो. विद्यार्थी नियम काय म्हणतो ते. दोघांचे जमले नाही की चर्चा रंगते. एका बैठकीत एकच चित्रपट ठेवावा आणि नंतर किमान पाऊण तास हाताशी असावा.

चर्चेत स्थानिक प्रकरणे निघतातच, कारण बुडालेल्या ठेव योजनेची झळ ज्याच्या नात्यात कुणालाच लागलेली नाही असा माणूस या शहरात क्वचित भेटतो. अशा वेळी ज्यांच्यावर केवळ गुन्हा नोंद आहे आणि ज्यांना न्यायालयाने दोषी ठरवले आहे, यांत काटेकोर फरक ठेवावा, आणि समाजमाध्यमावर नावे टाकण्याचा मोह टाळावा. ज्या सदस्याचे स्वतःचे पैसे अडकले आहेत त्याला चर्चेपेक्षा मदतीची गरज असते : ठेवीची मूळ पावती, धनादेशाची नोंद आणि बँकेचे खातेउतारे जपून ठेवून त्याने पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्यावी, आणि १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, मालमत्ता जप्त झाली असल्यास आपला दावा नोंदवला आहे का याची वकिलाकडून खात्री करून घ्यावी.

सभागृह घेऊन जाहीर खेळ करायचा विचार असेल तर घरच्या वर्गणीवर तो दाखवता येत नाही. वितरकाची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो, म्हणून कार्यक्रमाची तारीख परवानगी हाती आल्यावरच जाहीर करावी.